कर्करोगाच्या उपचारांतील आहार : संशोधनाचा रोख कुठे वळला आहे?

पेजभात

या संस्थळावर कर्करुग्णांच्या आहाराविषयी अधूनमधून विचारणा होत असते आणि तिचे वळण बहुधा ‘अमुक चालेल का, तमुक बंद करावे का’ असे असते. मी मुंबईतील एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तेथेही नातेवाइकांचा पहिला प्रश्न पथ्याचाच असतो. संशोधनाचा रोख मात्र गेल्या वीसेक वर्षांत बराच बदलला आहे. एखादा पदार्थ गाठ वाढवतो की विरघळवतो या शोधात पुष्कळ शक्ती खर्च होऊनही पदरात फार थोडे पडले. रुग्णाचे वजन आणि त्याचे स्नायू उपचार संपेपर्यंत कसे राखावेत, या प्रश्नावर मात्र भरीव काम झाले आहे. ते आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

२०११ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने कॅकेक्सियाची, म्हणजे कर्करोगात होणाऱ्या शरीराच्या झिजेची, व्याख्या निश्चित केली. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटले, किंवा मुळातच कृश असलेल्या, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २० पेक्षा कमी असलेल्या माणसाचे वजन २ टक्क्यांहून अधिक घटले, तर ही अवस्था सुरू झाली असे धरले जाते. ६० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे अवघे ३ किलो. ‘आजारपण आहे, अंग उतरणारच’ असे म्हणून आपण ज्या घटीकडे काणाडोळा करतो, ती हीच. निव्वळ उपासमारीत शरीर आधी चरबी वापरते आणि स्नायू शक्य तितके राखून ठेवते. कॅकेक्सियात मात्र रोगामुळे पेटलेला दाह स्नायूंनाही सोबतच झिजवतो. त्यामुळे ही झीज केवळ जास्त खायला घालून पूर्णपणे भरून येत नाही, हेही त्याच व्याख्येत नमूद आहे.

वजनकाट्यापेक्षा बारकाईचे मोजमापही आता होऊ लागले आहे. रोगाच्या तपासणीसाठी काढलेल्या सीटी स्कॅनमधील कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा छेद घ्यायचा आणि त्यात स्नायूंनी व्यापलेले क्षेत्रफळ मोजायचे, अशी ही पद्धत आहे. तिच्यामुळे एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली : अंगाने भरलेल्या दिसणाऱ्या कित्येक रुग्णांचे स्नायू प्रत्यक्षात फार कमी असतात. केमोच्या बऱ्याच औषधांची मात्रा उंची आणि वजनावरून ठरते, त्यामुळे अशा रुग्णांना तीच मात्रा जास्त बाधते. ‘तब्येत तर चांगली आहे’ या वाक्याचा मी तेव्हापासून धसकाच घेतला आहे.

किती खावे याविषयी युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची, एस्पेनची, मार्गदर्शक तत्त्वे सर्वाधिक वापरली जातात. त्यांनुसार दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिने लागतात. ५० किलोच्या रुग्णासाठी हा हिशेब १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने असा होतो. आता आपल्याकडच्या रुग्णाचा एक नेहमीचा दिवस पाहा. सकाळी कपभर चहा आणि दोन बिस्किटे, मग नारळपाणी, दुपारी वाटीभर मऊ भात आणि त्यावर वरणाचे पाणी, चार वाजता पुन्हा चहा किंवा मोसंबीचा रस, रात्री तांदळाची पेज. घरच्यांच्या मते ‘दिवसभर काही ना काही चालू असते’, आणि ते खरेही असते. परंतु या सगळ्याची बेरीज केली तर प्रथिने १० ते १५ ग्रॅमच्या वर जात नाहीत. पातेल्याच्या तळाशी बसलेली डाळ घरातल्या धडधाकट माणसांच्या पानात जाते आणि वरचे पाणी ‘हलके’ म्हणून रुग्णाला मिळते.

आहार समजावून सांगण्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो का, हे पोर्तुगालमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासले गेले. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या १११ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीच्याच अन्नातून आखून दिलेला व्यक्तिगत आहार, दुसऱ्याला नेहमीच्या जेवणासोबत प्रथिनयुक्त पेय आणि तिसऱ्याला हवे ते खाण्याची मुभा. तीन महिन्यांनी पहिल्या गटाची स्थिती सर्वांत चांगली होती. डबाबंद पेय घेणाऱ्यांना झालेला फायदा उपचारांनंतर टिकला नाही. अभ्यास लहान आहे, हे खरे. तरीही डब्यांवर हजारो रुपये घालणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी तो सांगते.

सांजवारा

ताई, अतिशय उपयुक्त लेखन. माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग असल्याचे निदान झाले असून कोल्हापुरात उपचार चालू आहेत. निदान झाल्यापासून आम्ही त्यांची साखर, गूळ, इतकेच काय पण भातसुद्धा बंद केला आहे, कारण कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात असे आम्हाला अनेकांनी सांगितले. पेट स्कॅन करतानाही साखरच टोचतात आणि गाठ ती शोषून घेते म्हणून चमकते, हे तर तंत्रज्ञानेच आम्हाला समजावले. वजन मात्र ५८ वरून ५१ किलोवर आले आहे. साखर खरोखर बंद ठेवावी का?

पेजभात

सांजवारा, तंत्रज्ञाने सांगितले ते बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधिक वेगाने वापरतात हे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवले, आणि पेट स्कॅन त्याच गुणधर्मावर चालतो. परंतु रक्तातील ग्लुकोज केवळ ताटातल्या साखरेवर अवलंबून नसते. आपण भात बंद केला तरी यकृत ती पातळी राखतेच, आणि बाहेरून काही मिळेनासे झाले की त्यासाठी लागणारा कच्चा माल स्नायूंच्या प्रथिनांतून घेते. म्हणजे गाठीला मिळायचे ते मिळत राहते आणि किंमत वडिलांचे स्नायू मोजतात. ज्यांचे पोषण धोक्यात आहे अशा रुग्णांनी कॅलरी तोडणारे आहार, उपवास किंवा कीटोजेनिक (पिष्टमय पदार्थ जवळजवळ वगळून स्निग्धांवर भर देणारा) आहार करू नये, असे एस्पेनने स्पष्ट म्हटले आहे.

५८ वरून ५१ ही घट १२ टक्के होते. त्यांना मधुमेह नसेल तर भात, गूळ, साजूक तूप आजपासूनच सुरू करावे. गिळताना अडकत असेल तर शिऱ्याइतके मऊ, दुधात शिजवलेले, गाळलेले असे काहीही चालेल, मात्र ते घट्ट आणि सकस हवे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आहारनळीविषयी तुम्ही होऊन विचारा. अन्ननलिकेच्या रुग्णांत हा निर्णय वजन फार उतरल्यावर घेतला जातो, आणि तोवर शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद कमी झालेली असते.

त्रिज्या

मी संख्याशास्त्राच्या अंगाने एक मुद्दा मांडतो. ‘संशोधन सांगते’ हे शब्द आहाराच्या बाबतीत फार जपून वापरले पाहिजेत. जे लोक भाज्या-फळे भरपूर खातात त्यांना कर्करोग कमी होतो असे निरीक्षणात दिसते. परंतु हेच लोक धूम्रपान कमी करतात, व्यायाम करतात आणि वेळेवर तपासण्या करून घेतात. याचे ठळक उदाहरण बीटा-कॅरोटीनचे आहे. गाजरासारख्या पदार्थांतून हे द्रव्य अधिक घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी आढळत असे, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतील तशीच दुसरी चाचणी १९९६ साली मुदतीआधीच थांबवावी लागली. पुढे ई जीवनसत्त्वाच्या बाबतीतही हेच घडले : ३५,००० हून अधिक पुरुषांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

रोग बरा झाल्यानंतरच्या आहाराबाबतही चित्र धूसर आहे. स्तनकर्करोगातून उठलेल्या ३,०८८ स्त्रियांच्या चाचणीत एका गटाने भाज्या, फळे आणि तंतुमय पदार्थ खूपच वाढवले, तरी सात वर्षांनी रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. २,४३७ स्त्रियांच्या दुसऱ्या चाचणीत कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण २४ टक्क्यांनी कमी दिसले. पण त्या गटाचे वजनही उतरले होते. मग श्रेय आहारातील स्निग्धांश कमी केल्याला द्यायचे की वजन उतरल्याला?

पेजभात

त्रिज्या, तुमच्या शेवटच्या प्रश्नातच एक सूचना दडलेली आहे आणि ती माझ्या मूळ लेखनातून सुटून जाऊ नये. मी वर जे वजन राखण्याविषयी लिहिले ते प्रामुख्याने तोंड, घसा, अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगांना लागू होते. स्तनाच्या कर्करोगात उपचारांदरम्यान आणि नंतर वजन वाढणे हीच अधिक वेळा आढळणारी अडचण असते. शेजारच्या काकूंना तोंडाच्या कर्करोगात दिलेला आहार आपल्या बहिणीला स्तनाच्या कर्करोगात देणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे होय.

आजीचा बटवा

सर्वांचा आदर राखून वेगळे मत नोंदवतो. आपल्या पूर्वजांनी हळद, आवळा, गव्हांकुर, गुळवेल यांचे गुण हजारो वर्षांपूर्वी ओळखले होते. हळदीतील कर्क्युमिन कर्करोगाच्या पेशी मारते असे प्रयोगशाळेतही सिद्ध झाले आहे. टाटा रुग्णालयानेच शंभर रुपयांची गोळी शोधून काढल्याचे मध्यंतरी वाचनात आले. मग नैसर्गिक उपायांना विरोध कशासाठी?

कोबाल्ट६०

मी किरणोपचारतज्ज्ञ आहे आणि गेली अनेक वर्षे विदर्भात काम करतो. बटवाजी, तुमच्या प्रश्नाला क्रमाने उत्तर देतो.

काचेच्या बशीतील पेशींवर कर्क्युमिनचा परिणाम होतो हे खरे आहे. पण तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प पोचते. ते जास्त शोषले जावे म्हणून गोळ्यांत मिऱ्यांतील पिपरिन मिसळतात आणि तेथून खरी काळजी सुरू होते, कारण पिपरिन शरीरातील औषधे विघटित करणाऱ्या यंत्रणेतही ढवळाढवळ करते. नेदरलँड्समधील एका छोट्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन हे स्तनकर्करोगावरचे औषध घेणाऱ्या स्त्रियांना कर्क्युमिन आणि पिपरिन एकत्र दिल्यावर त्या औषधाच्या सक्रिय घटकाची रक्तातील पातळी घटल्याचे आढळले. इटली आणि अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजी-आमटीतील हळदीला कोणाचीच हरकत नाही. प्रश्न केवळ गोळ्यांचा आणि चमच्या-चमच्याने खाल्ल्या जाणाऱ्या भुकटीचा आहे.

टाटाच्या गोळीची बातमी २०२४ च्या सुरुवातीची आहे. रेझव्हेरॅट्रॉल हे द्राक्षांत आढळणारे द्रव्य आणि तांबे यांचे ते मिश्रण असून डॉ. इंद्रनील मित्रा यांचा गट त्यावर काम करतो. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारे गुणसूत्रांचे तुकडे निष्प्रभ करावेत आणि त्यायोगे उपचारांचे दुष्परिणाम कमी व्हावेत, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना कुतूहल वाढवणारी आहे, परंतु माणसांवरील अभ्यास अजून छोटे आहेत आणि वर्तमानपत्रांनी मथळे फार पुढचे दिले. त्या बातमीवरून तांब्याच्या भांड्यातले पाणी आणि मनुके यांचा मारा सुरू केलेले रुग्ण मला भेटले आहेत.

त्याच वर्षी नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातील कर्करोग हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि उपवास यांनी आटोक्यात आल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून निवेदन काढले की अशा दाव्यांना पुष्टी देणारा भक्कम पुरावा नाही आणि रुग्णांनी उपचार लांबवू नयेत. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती, आणि आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेतला होता असा खुलासा सिद्धूंनी नंतर केला. तो खुलासा मूळ चित्रफितीइतका कोणी पुढे पाठवला नाही.

आजीचा बटवा

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. गोळ्या आणि स्वयंपाकातील हळद यांत आपण केलेला भेद मला मान्य आहे. परंतु रुग्ण या उपायांकडे का वळतो, याचाही विचार व्हावा. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना जेमतेम पाच मिनिटे मिळतात आणि ‘काय खाऊ’ या प्रश्नाला ‘सगळे खा’ एवढेच उत्तर येते. वैद्य मात्र अर्धा तास बसवून विचारपूस करतो.

कोबाल्ट६०

हा आक्षेप मी निमूटपणे स्वीकारतो. ‘सगळे खा’ हे उत्तर वैद्यकीयदृष्ट्या चूक नसले तरी निरुपयोगी आहे, कारण रुग्णाला सगळे खाता येत असते तर त्याने विचारलेच नसते.

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या, आपल्याकडे तंबाखू-खर्ऱ्यामुळे त्याचे रुग्ण उदंड आहेत. शेक, म्हणजे किरणोपचार, सहा-सात आठवडे चालतो. पहिल्या पंधरवड्यात रुग्ण बऱ्यापैकी जेवतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड येते, लाळ चिकट तारेसारखी होते, चव जाते आणि वरणातील मोहरीचा दाणासुद्धा निखाऱ्यासारखा लागतो. याच टप्प्यावर आम्ही नाकातून नळी टाकण्याविषयी बोलतो आणि याच टप्प्यावर घरचे ‘नळी नको, आम्ही भरवू’ म्हणतात. नळी म्हणजे शेवट आला, अशी समजूत खोलवर रुजलेली आहे. वास्तविक नळी ही त्या चार-सहा आठवड्यांची सोय असते, आणि ती चार आठवड्यांहून अधिक काळ लागेल असे दिसले तर पोटातून थेट नळी बसवण्याचा विचार करतात. एवढे मात्र सांभाळावे लागते की नळी असली तरी जमेल तितके घोट-घोट गिळत राहावे, नाहीतर गिळण्याचे स्नायू आळसावतात.

घरी नळीतून द्यायचा फीड पातळ पाण्यासारखा करू नये. दूध, नाचणीचे सत्त्व किंवा मऊ शिजवून वाटलेली खिचडी, त्यात चमचाभर तेल, पूर्ण शिजवलेले अंडे, सगळे मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळावे. रुग्णाला उशीला टेकवून बसते करावे, फीड सावकाश सोडावा आणि नंतर स्वच्छ पाण्याने नळी धुवावी. नळी तुंबण्याचे प्रमुख कारण न गाळलेला फीड आणि न धुतलेली नळी हेच असते.

रानजाई

स्तनकर्करोगाचे उपचार पूर्ण केलेली मी एक रुग्ण आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. केमोच्या आधी उपवास केल्यास औषध अधिक लागू पडते, असे आमच्या गटात बऱ्याच जणी सांगतात. दुसरे म्हणजे, पांढऱ्या पेशी उतरल्या की आम्हाला कोशिंबीर, फळे, दही, ताक सर्व बंद करण्यास सांगितले जाई. उन्हाळ्यात ताकावाचून काढलेले ते दिवस मला केमोपेक्षा जास्त आठवतात! याला खरोखर आधार आहे का?

पेजभात

रानजाई, उपवासाच्या मुळाशी एक विचार आहे : अन्न तुटले की निरोगी पेशी वाढ थांबवून स्वतःला सांभाळतात आणि कर्करोगाच्या पेशींना ते जमत नाही. उंदरांत हे चांगले दिसले. नेदरलँड्समध्ये स्तनकर्करोगाच्या १३१ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. केमोच्या आधीचे तीन दिवस आणि केमोचा दिवस असा अत्यल्प कॅलरींचा, उपवाससदृश आहार एका गटाला दिला होता. स्कॅनवर त्या गटात गाठ आक्रसण्याचे प्रमाण जास्त दिसले. दुष्परिणामांत मात्र विशेष फरक पडला नाही, आणि प्रत्येक फेरीला हा आहार पाळणे जेमतेम पाचव्या हिश्शाच्या स्त्रियांनाच जमले. म्हणून हा विषय संशोधकांनी पुढे न्यावा असा जरूर आहे, पण एकादशीच्या सरावावर घरी करून पाहण्याजोगा तो नाही. वजन घटलेल्या रुग्णाने तर अजिबातच नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडेल. पांढऱ्या पेशी उतरल्यावर कच्चे सर्व बंद करण्याची प्रथा अनेक दशके चालत आली. इटलीत मूळपेशी प्रत्यारोपणाच्या २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गटाला हा निर्बंधित आहार आणि दुसऱ्याला स्वच्छता पाळून मोकळा आहार दिला, आणि मोकळा आहार घेणाऱ्यांत जंतुसंसर्ग वाढला नाही असे २०२३ साली जाहीर झाले. प्रत्यारोपणात प्रतिकारशक्ती सर्वांत खालावलेली असते; तेथेही फरक पडत नसेल तर साध्या केमोत सक्तीचे कारण उरत नाही. भर स्वच्छतेवर हवा : फळे वाहत्या पाण्याखाली धुऊन सोललेली, दही घरी ताजे लावलेले, पाणी उकळलेले, आणि रस्त्यावरचा उसाचा रस, चिरून ठेवलेली कलिंगडे, कच्ची मोड आलेली कडधान्ये, अर्धकच्ची अंडी मात्र टाळावीत. तुमच्या रुग्णालयाचा नियम वेगळा असेल तर तेथील डॉक्टरांशी बोलूनच बदल करावा.

त्रिज्या

इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे उपचार) आणि आतड्यांतील जंतू यांच्या संबंधाविषयी आपले काय मत आहे? तेथे काही लक्षणीय घडत असल्याचे वाचले आहे.

पेजभात

होय, आणि माझ्या मते सध्याच्या संशोधनातील हा सर्वांत चैतन्याचा भाग आहे. अमेरिकेतील एमडी अँडरसन केंद्राच्या २०२१ सालच्या अभ्यासात मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या १२८ रुग्णांच्या आहाराची नोंद होती. रोज २० ग्रॅम किंवा अधिक तंतू खाणाऱ्यांत रोग आटोक्यात राहण्याचा काळ जास्त दिसला, आणि बाजारातील प्रोबायोटिक (उपयुक्त जंतूंच्या) गोळ्या घेणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. उंदरांत तर अशा गोळ्यांनी उपचारांना अपायच झाला. तुम्ही म्हणाल की हेही निरीक्षणच आहे, आणि ते बरोबर आहे. आपल्या जेवणात मात्र ज्वारीची भाकरी, एक उसळ, एक पालेभाजी आणि एखादे फळ एवढ्यात २० ग्रॅम सहज भरतात, त्यामुळे ज्यांचे पचन ठीक आहे आणि आतड्यात अडथळा नाही त्यांनी पुराव्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही.

याहून मला स्वतःला अधिक महत्त्वाचे वाटते ते भुकेवरचे काम, कारण रुग्णाला भूकच नसेल तर माझे तक्ते कागदावरच राहतात. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगाच्या १२४ रुग्णांवर चाचणी झाली. केमोसोबत रोज अवघी २.५ मिलिग्रॅम ओलान्झापिन बारा आठवडे दिली, तर ५ टक्क्यांहून अधिक वजन वाढलेल्या रुग्णांचे प्रमाण ६० टक्के होते आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ते ९ टक्के होते. हे जुने, स्वस्त, मनोविकारांवर वापरले जाणारे औषध आहे. २०२३ साली हे निष्कर्ष आले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याची दखल घेतली. भारतातल्या सरकारी संस्थेतील कामाने जगभरची पद्धत बदलावी, ही घटना आपल्या वृत्तपत्रांत शंभर रुपयांच्या गोळीच्या दहाव्या हिश्शानेही आली नाही. औषधाने झोप येते, साखर वाढू शकते, म्हणून ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यावे.

दुसरीकडे जीडीएफ-१५ नावाच्या संप्रेरकाला अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या प्रतिपिंडाची चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. १८७ रुग्णांत सर्वाधिक मात्रा घेणाऱ्या गटाचे वजन बारा आठवड्यांत बिनऔषधी गटाच्या तुलनेत २.८ किलोंनी जास्त भरले. गरोदरपणातील तीव्र मळमळ-उलट्यांमागेही हेच संप्रेरक असल्याचे अलीकडे दिसून आले आहे. ‘मनावर घ्या, म्हणजे खाल’ असे रुग्णाला सुनावणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी : खाण्याची ही शिसारी रक्तातून येते, तिच्यात हट्टीपणा नसतो.

कोबाल्ट६०

औषध आणि अन्न यांच्या संबंधाची एक बाजू राहून जात आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगातील अबिरॅटेरॉन हे औषध रिकाम्या पोटी १००० मिलिग्रॅम घ्यायचे असते, कारण अन्नासोबत ते कितीतरी पटींनी जास्त शोषले जाते. २०१८ साली ७२ रुग्णांच्या चाचणीत २५० मिलिग्रॅम कमी स्निग्ध न्याहारीसोबत दिल्यावर त्याचा परिणाम पूर्ण मात्रेइतकाच दिसला. चौथाई औषधात काम भागणे, ही पदरमोड करणाऱ्या कुटुंबासाठी केवढी मोठी गोष्ट आहे हे सांगायला नको. पण रुग्णाने आपल्या मनाने मात्रा किंवा वेळ बदलली तर गोष्ट जिवावर बेतू शकते.

सांजवारा

भात आणि गूळ सुरू केले आहेत, ताई. नळीचे डॉक्टरांशी बोललो; ती पुढच्या आठवड्यात बसेल. प्रोटीन पावडरचा डबा मात्र आम्हाला परवडत नाही. घरगुती पर्याय सुचवाल का?

पेजभात

नक्की. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात, पाव लिटर दुधात ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ आणि १०० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत ५० च्या आसपास. मला सर्वांत सोयीची वाटते ती साय काढलेल्या दुधाची भुकटी, तिच्यात १०० ग्रॅमला ३५ ग्रॅम असतात. साध्या दुधात, सत्त्वात, पेजेत ती दोन-दोन चमचे मिसळली की पदार्थाचे आकारमान न वाढता कस वाढतो, आणि थोडक्यातच पोट भरणाऱ्या माणसासाठी तोच खरा निकष असतो. दूध पचत नसेल तर भाजलेल्या डाळ्यांचे पीठ वापरा. नळी बसल्यावर डाळ वरच्या पाण्यासकट, तळापासून ढवळून वाटा.

ओवरी

माझ्या सासूबाईंचा रोग आता शेवटच्या टप्प्यात आहे आणि डॉक्टरांनी केमो थांबवली आहे. त्या दिवसभरात चार चमचेच घेतात. माझे दीर सलाइन लावा, नळी टाका, उपाशी ठेवून मारू नका असे म्हणतात आणि घरात रोज वाद होतात. येथील जाणकारांचे मत हवे आहे.

कोबाल्ट६०

ओवरीताई, वर आलेल्या २०११ सालच्या व्याख्येतच कॅकेक्सियाचे तीन टप्पे केलेले आहेत आणि तिसऱ्या टप्प्यात, आयुष्य तीन महिन्यांहून कमी उरलेले असताना, शरीर दिलेले अन्न वापरूच शकत नाही. अन्न न घेणे हे तेव्हा रोग पुढे गेल्याचे लक्षण असते. मृत्यूचे कारण रोगच असतो. सलाइनचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत शेवटच्या टप्प्यातील १२९ रुग्णांत एका गटाला रोज एक लिटर आणि दुसऱ्याला केवळ १०० मिलिलिटर द्रव शिरेवाटे किंवा त्वचेखालून दिला, आणि दोन्ही गटांच्या त्रासात वा आयुर्मानात फरक आढळला नाही. जास्तीचे पाणी मात्र पायांत आणि फुफ्फुसांत साठते. तोंड ओले ठेवावे, मागतील ते, मागतील तेवढे द्यावे; आइस्क्रीम मागितले तर आइस्क्रीम. तुमच्या दिरांना हे सुनेच्या तोंडून पटणार नाही, म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी किंवा वेदनाशमन विभागाशी त्यांचीच भेट घालून द्यावी.

रानजाई

आणखी एक व्यावहारिक शंका. आहारतज्ज्ञाकडे नेमके कधी जावे? आम्हाला कोणी पाठवलेच नव्हते.

पेजभात

पाठवण्याची वाट पाहू नये. जगभर वापरली जाणारी एक चाळणी अगदी साधी आहे : गेल्या काही काळात प्रयत्न न करता वजन घटले आहे का, आणि भूक कमी झाल्यामुळे खाणे कमी झाले आहे का? दुसऱ्याचेच उत्तर ‘हो’ असेल तर सावध व्हावे. वजन १ ते ५ किलोंनी घटले असून खाणेही कमी झाले असेल, किंवा घट ६ किलो वा त्याहून जास्त असेल, तर त्याच आठवड्यात भेट घ्यावी. वजन किती घटले हे नक्की सांगता येत नसेल तेव्हाही ते धोक्यातच धरतात. येताना रुग्णाच्या जुन्या वजनाचा एखादा कागद, चालू औषधांची यादी आणि तीन दिवसांत प्रत्यक्ष पोटात गेलेल्या अन्नाची नोंद आणावी. नोंद ‘जेवले’ अशी नको. किती वाट्या, किती चमचे, पानात किती उरले, असे लिहून आणले तर पहिल्याच भेटीत काम सुरू करता येते.